ती जिवंत आहे, मग तक्रार कसली?



गेल्या तिमाहीत आपल्या काही संघटनांकडे एक निवेदन सहीसाठी फिरत होतं. अतिहिंस्र भयपटांवर, म्हणजे ज्यांत माणसं, आणि त्यातही बायका, सावकाश आणि तपशीलवार कापल्या जातात अशा चित्रपटांवर, सरसकट बंदी घालावी अशी त्यात मागणी होती. संपादक गटाच्या बैठकीत त्यावर भरपूर वादावादी झाली, दोनदा चहा झाला, आणि एकमत काही झालं नाही. निवेदनावर आम्ही सही केली नाही. का केली नाही हे लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मी अशा चित्रपटांची प्रेक्षक नाही. पण न पाहता लिहिणं बरं नव्हे, म्हणून यातले दोन पूर्ण पाहिले आणि तिसरा अर्ध्यावर बंद केला. "असलं बघवतं तरी कुणाला?" असं विचारणाऱ्या मैत्रिणींना आधीच सांगते, बघणारे पुष्कळ आहेत आणि त्यात बायका आहेत, कॉलेजातल्या मुली आहेत. भीतीची गोष्ट हा काही पुरुषांचाच प्रांत नव्हे. आपल्या आज्यांनी सांगितलेली भुतं आठवा. हडळ, जखीण, बाळंतपणात मेलेली अळवंतीण. जिवंतपणी जिला कुणी विचारलं नाही, ती मेल्यावर गावाला विचारायला येते. घाबरण्यात आणि घाबरवण्यात बायकांनी आपलंही काहीतरी सांगितलेलं आहे. तेव्हा 'विकृत अभिरुची' असा शिक्का मारून मोकळं व्हायला मी तयार नाही. अभिरुचीची भाषा आपल्याविरुद्ध किती वेळा वापरली गेली आहे, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

मला अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी, आणि ते सांगायला पन्नास वर्षं मागे, अमेरिकेत जावं लागेल.

मायकेल आणि रॉबर्टा फिंडली या जोडप्याने १९७१ साली अर्जेंटिनात 'स्लॉटर' नावाचा एक स्वस्तातला चित्रपट काढला होता. तो इतका टाकाऊ होता की वितरक ॲलन शॅकल्टनने तो बाजूला ठेवून दिला. १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत एक अफवा येऊ लागली. दक्षिण अमेरिकेतून असे चित्रपट येत आहेत, ज्यांत कॅमेऱ्यासमोर बाईला खरोखर ठार मारतात. अशा चित्रपटांना 'स्नफ' म्हणू लागले. शॅकल्टनने ही अफवा हेरली. जुन्या चित्रपटाच्या शेवटी त्याने काही मिनिटांचा एक नवा प्रसंग जोडून घेतला, श्रेयनामावली काढून टाकली, नाव ठेवलं 'स्नफ', आणि १९७६ च्या सुरुवातीला तो प्रदर्शित केला. दक्षिण अमेरिकेत जीव स्वस्त असतो, असा चित्रपट तिथेच बनू शकतो, अशा अर्थाची जाहिरात होती. खुनाचा तो प्रसंग प्रत्यक्षात न्यूयॉर्कमध्येच चित्रित झाला होता.

त्या प्रसंगात काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण त्यातच सगळं आहे. मूळ चित्रपट संपतो, कॅमेरा मागे सरकतो, सेट दिसतो, सेटवरची माणसं दिसतात. दिग्दर्शक सेटवर काम करणाऱ्या एका तरुण मुलीशी लगट करू लागतो. कॅमेरा चालू आहे हे तिच्या लक्षात येतं, ती नको म्हणते, उठू बघते. तिला धरून ठेवलं जातं आणि मग कापलं जातं. रीळ संपल्यावर, सगळं नीट टिपलं गेलं ना, अशी विचारणा ऐकू येते.

बळी कोण निवडला ते पाहा. गोष्टीतली नायिका नाही, भूतबाधा झालेली कुणी नाही. सेटवर कामाला आलेली एक मुलगी, वरिष्ठाला 'नको' म्हणणारी. प्रेक्षकाला विकलं जात होतं ते तिचं मरण, आणि त्याहून जास्त तिचा नकार न ऐकला जाणं.

न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांनी थिएटरबाहेर निदर्शनं केली. इतर शहरांतही केली. लॉस एंजलिसमध्ये 'विमेन अगेन्स्ट व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन' ही संघटना याच आंदोलनातून उभी राहिली. एक गोष्ट इथे आवर्जून नोंदवायला हवी. शॅकल्टनने गाजावाजा व्हावा म्हणून सुरुवातीला पैसे देऊन खोटे निदर्शक उभे केले होते, असं सांगितलं जातं. खरी निदर्शनं सुरू झाल्यावर त्याला त्यांची गरज उरली नाही. आपला संताप त्याच्या हिशेबात आधीच धरलेला होता.

तक्रारींमुळे मॅनहॅटनचे जिल्हा सरकारी वकील रॉबर्ट मॉर्गेन्थॉ यांनी चौकशी केली. त्या अभिनेत्रीला शोधून काढलं. ती जिवंत होती, सगळी चित्रीकरणाची करामत होती. तसं त्यांनी मार्च १९७६ मध्ये जाहीर केलं आणि सरकारच्या दृष्टीने विषय संपला.

हाच प्रकार चार वर्षांनी इटलीत झाला. रुग्गेरो देओदातो या दिग्दर्शकाचा 'कॅनिबल होलोकॉस्ट' १९८० मध्ये मिलानला लागला आणि काही दिवसांतच न्यायालयाने जप्त केला. आरोप आधी अश्लीलतेचा होता, मग नटांचे खरोखर खून केल्याचा संशय आला. संशयाला कारणही होतं. चित्रपट खरा वाटावा म्हणून नटांकडून वर्षभर लोकांसमोर न येण्याचा करार लिहून घेतला होता. शेवटी देओदातोला नट हजर करावे लागले आणि खांबावर रोवलेली मुलगी कशी दाखवली ते समजावून द्यावं लागलं. लोखंडी खांबाला सायकलची सीट, तिच्यावर बसलेली मुलगी, तोंडात धरलेला हलक्या लाकडाचा तुकडा. ती जिवंत आहे म्हटल्यावर खुनाचा आरोप गेला. आणखी अकरा वर्षांनी, १९९१ मध्ये, अमेरिकेतला नट चार्ली शीन याने एक जपानी व्हिडिओ पाहिला आणि खरा खून समजून तो तपासयंत्रणेकडे पोहोचवला. 'गिनी पिग' मालिकेतला हा १९८५ चा चित्रपट. तिथेही तेच झालं. करामत आहे, बाई जिवंत आहे, फाइल बंद.

तिन्ही वेळा अधिकारी एकच प्रश्न विचारत होते, ती जिवंत आहे का? हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण कुटुंब सल्ला केंद्रात बसणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही सांगा, ठाण्यात तक्रार द्यायला गेलेल्या बाईला नेमका हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात. "जखम कुठाय? टाके पडले का? मग एवढं काय झालं?" ती जिवंत आहे, चालत आली आहे, म्हणजे विशेष काही घडलेलं नाही. आपलं काम सुरू होतं ते या प्रश्नाच्या पुढे.

त्या पुढच्या जागेत शिरून हे चित्रपट पाहिले की वेगळंच दिसतं. 'टेक्सस चेनसॉ मॅसॅकर' हा १९७४ चा भयपट आज अभिजात मानतात, आणि पडद्यावर त्यात वाटतं तेवढं रक्त नाही. पण जेवणाच्या टेबलावरचा शेवटचा प्रसंग उन्हाळ्यात, बंद घरात, सलग चोवीस तासांहून अधिक वेळ चित्रित होत होता. बोटातून रक्त येताना दाखवायचं होतं, नकली रक्ताची नळी तुंबली, तेव्हा मॅरिलिन बर्न्स या नायिकेचं बोट समोरच्या नटाने खरोखर कापलं. हा किस्सा चित्रपटशौकीन कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुकासारखं काही दिसत नाही. कारखान्यात हे घडलं असतं तर आपण त्याला अपघात म्हणालो असतो, नुकसानभरपाई मागितली असती.

'कॅनिबल होलोकॉस्ट'मध्ये मुलगी मेली नव्हती, पण प्राणी मेले. कासव, माकडं, डुक्कर, कोआटी नावाचा लहानसा प्राणी, सगळे कॅमेऱ्यासमोर खरोखर मारले. एक प्रसंग दोनदा घ्यावा लागला म्हणून दोन माकडं मारली. चित्रीकरण कोलंबियात, ॲमेझॉनच्या जंगलात, लेतिसिया गावाच्या परिसरात झालं. तिथल्या आदिवासींना गर्दीसाठी उभं केलं आणि पडद्यावर त्यांना यानोमामो हे व्हेनेझुएला-ब्राझीलच्या सीमेवर राहणाऱ्या खऱ्याखुऱ्या समाजाचं नाव दिलं, नरभक्षक म्हणून. चित्रपटाचा दावा असा की तो सनसनाटी बातमीदारीवर टीका करतो, 'खरे रानटी कोण' असं विचारतो. विचारत असेलही. पण ज्यांचं नाव वापरलं त्यांना कुणी विचारलं नाही. इटलीतला खटला चालला तो नटांच्या जिवाचा आणि प्राण्यांच्या क्रौर्याचा. त्या समाजाच्या बदनामीचा खटला कुणी भरला नाही. 'स्नफ'च्या जाहिरातीतलं ते स्वस्त जिवांचं गणित इथेही तसंच आहे.

आता बंदीकडे येते. कारण निवेदनात तिचीच मागणी होती, आणि या मागणीचा इतिहास आपण वाचायला हवा.

इंग्लंडमध्ये, मुख्यतः लीड्स आणि ब्रॅडफर्ड परिसरात, १९७५ ते १९८० या काळात पीटर सटक्लिफने तेरा स्त्रियांचे खून केले. पोलिसांनी आधी त्यांतल्या वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया वेगळ्या आणि 'निष्पाप' स्त्रिया वेगळ्या अशी विभागणी केली, आणि नंतर सगळ्याच बायकांना संध्याकाळनंतर घराबाहेर पडू नका असं सांगितलं. बायकांनी उलट प्रश्न केला, खून पुरुष करतोय, तर संचारबंदी आम्हाला का? नोव्हेंबर १९७७ मध्ये त्यांनी रात्री मोर्चे काढले. १९८० च्या अखेरीस, आणखी एक विद्यार्थिनी मारली गेल्यावर, स्त्रियांवरील हिंसेचे चित्रपट लावणाऱ्या थिएटरांवर त्या चालून गेल्या, पडद्यांवर रंग फेकला. मला त्यांचा राग पूर्ण कळतो. रस्त्यावर बायका मरताहेत आणि त्याच रस्त्यावरच्या थिएटरात तेच तिकीट लावून दाखवताहेत. आपल्याकडेही १९८० च्या दशकात बायकांनी सिनेमाच्या पोस्टरना काळं फासलं, ते याच रागातून.

पण पुढे काय झालं? त्याच सुमारास घरोघरी व्हिडिओ आले आणि ब्रिटिश वर्तमानपत्रांनी 'व्हिडिओ नॅस्टी' म्हणून ओरड सुरू केली. हा राग उचलला मेरी व्हाइटहाउस यांच्यासारख्या नीतिरक्षकांनी, ज्यांनी १९७७ मध्ये 'गे न्यूज' या समलिंगींच्या नियतकालिकावर ईश्वरनिंदेचा खटला यशस्वी केला होता. सरकारी वकिलांच्या यादीत वेळोवेळी मिळून ७२ चित्रपट आले. दुकानांवर छापे पडले. १९८४ मध्ये व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायदा झाला. (हा कायदा युरोपीय आयोगाला रीतसर कळवायचाच राहून गेला होता, हे २००९ मध्ये उघड झालं आणि तो पुन्हा मंजूर करावा लागला. नीतिरक्षणाच्या घाईतलं हे कामकाज!) या सगळ्या चर्चेत बोलणं होतं मुलांच्या कोवळ्या मनाचं, कुटुंबाचं, राष्ट्राच्या नीतीचं. लीड्सच्या बायका विचारत होत्या तो प्रश्न, रात्री रस्त्यावर चालायचा आमचा हक्क कुठाय, हा त्यातून कधीच गळून पडला होता.

त्या यादीत एक चित्रपट होता 'आय स्पिट ऑन युवर ग्रेव्ह', १९७८ चा. मेइर झार्ची दिग्दर्शक. त्याने मूळ नाव ठेवलं होतं 'डे ऑफ द वुमन'. एका लेखिकेवर चौघे जण बलात्कार करतात आणि ती त्या चौघांनाही मारते. बलात्काराचे प्रसंग इतके लांबलेले आहेत की पाहवत नाहीत. मी अर्ध्यावर बंद केलेला चित्रपट तो हाच. अमेरिकेतले नामवंत समीक्षक रॉजर एबर्ट यांनी १९८० मध्ये त्याच्यावर अतिशय कडक लिहिलं. चित्रपटाइतकीच त्यांना थिएटरात बलात्काराच्या वेळी खूश होणाऱ्या पुरुषांची शिसारी आली होती. झार्ची मात्र सांगत आला आहे की १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बागेत त्याला बलात्कार झालेली एक मुलगी सापडली, तिला घेऊन तो पोलिसांकडे गेला, आणि जबडा मोडलेल्या त्या मुलीला पोलीस आधी प्रश्नच विचारत बसला. त्यातून हा चित्रपट सुचला. आणि गंमत अशी, की ब्रिटनमधल्या ज्युली बिंडेल, ज्यांनी तरुणपणी या चित्रपटाविरुद्ध निदर्शनं केली होती, त्यांनी २०११ मध्ये 'गार्डियन'मध्ये लिहिलं की त्याबाबत आपलं चुकलं होतं. न्यायालय बाईला न्याय देतं असं गोड चित्र उभं करणाऱ्या सभ्य चित्रपटांपेक्षा हा जास्त प्रामाणिक आहे, असा त्यांचा रोख होता.

मी बिंडेल यांच्याशी पूर्ण सहमत नाही. ज्या कॅमेऱ्याला तो प्रसंग इतका वेळ बघत राहावासा वाटतो त्याच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका राहतेच. कॅरोल क्लोव्हर या अभ्यासिकेने १९९२ मध्ये भयपटांवर पुस्तक लिहून असं मांडलं की हे चित्रपट पाहणारा तरुण पुरुष शेवटी पळणाऱ्या, लढणाऱ्या मुलीच्याच जागी स्वतःला पाहतो. असेल. एबर्ट यांच्या शेजारचे प्रेक्षक मात्र तिच्या जागी नव्हते. पण मुद्दा असा की हा वाद आपल्याला घालता आला, कारण चित्रपट शिल्लक राहिला.

बंदीची कात्री एकदा हातात दिली की ती कुणावर चालते, हेही बघा. फ्रान्समध्ये २००० साली 'बेझ-मुआ' आला. व्हर्जिनी देपांत आणि कोराली त्रिन्ह थी या दोघींनी तो काढला. देपांत स्वतः सतराव्या वर्षी सामूहिक बलात्कारातून गेलेल्या, त्याबद्दल पुढे उघडपणे लिहिणाऱ्या. दोन बायका हिंसा करत सुटतात असा तो अत्यंत कर्कश चित्रपट. एका परंपरावादी संघटनेच्या अर्जावरून तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्याचा परवाना रद्द केला. पुरुषांनी बायकांना कापण्याचे चित्रपट तोवर तिथे लागतच होते.

आपल्या मंडळाचंही वेगळं नाही. परिनिरीक्षण मंडळाच्या १९९१ च्या मार्गदर्शक सूचनांत स्त्रियांची मानहानी करणारी दृश्यं, लैंगिक हिंसेचा तपशील, यांवर स्पष्ट कलमं आहेत. कागदावर ती आपल्याच मागण्यांसारखी वाचतात. पण जानेवारी २०१७ मध्ये 'लिपस्टिक अंडर माय बुरखा'ला प्रमाणपत्र नाकारलं, ते तो चित्रपट 'लेडी ओरिएंटेड' आहे म्हणून. तेव्हा अपील न्यायाधिकरण होतं, त्याने तो सोडवला. ते न्यायाधिकरणही २०२१ मध्ये बरखास्त झालं, आता थेट उच्च न्यायालय गाठायचं. २०२३ च्या डिसेंबरात 'ॲनिमल' प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्रावर गल्लोगल्ली चालला, आणि पोलिसी क्रौर्य, जात आणि बाई यांबद्दल बोलणारा संध्या सुरी यांचा 'संतोष' २०२५ मध्ये थिएटरात येऊ शकला नाही. मी 'ॲनिमल'वर बंदी मागत नाही. कात्री कुणाच्या हातात आहे एवढंच दाखवते आहे.

मग आपण काहीच म्हणायचं नाही का? म्हणायचं आहे, आणि ते जिवंत बाईबद्दल म्हणायचं आहे.

'बँडिट क्वीन' हा भयपट नव्हे, पण या प्रश्नाची सगळ्यात टोकदार कसोटी आपल्याकडे त्यानेच घेतली. १९९४ मध्ये शेखर कपूरचा हा चित्रपट कान महोत्सवात दाखवला गेला. फूलन देवी त्याच वर्षी तुरुंगातून सुटली होती. ती जिवंत होती, दिल्लीत होती, आणि माझ्यावरचे बलात्कार असे दाखवायला माझी संमती नाही म्हणून न्यायालयात गेली होती. अरुंधती रॉय यांनी तेव्हाच विचारलं होतं की जिवंत बाईवरचा बलात्कार तिच्या परवानगीशिवाय पडद्यावर पुन्हा उभा करण्याचा अधिकार कुणी दिला. पुढे निर्मात्यांशी न्यायालयाबाहेर तडजोड झाली. मे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाला परवानगी दिली. ते दृश्य वासना नव्हे, घृणा जागवतं असा तर्क होता. तर्क बरोबर असेल. पण तो प्रेक्षकाच्या मनाबद्दल आहे. फूलन देवीचं 'नाही' त्या तर्कात कुठेही बसत नाही. सेन्सॉरवाले आणि सेन्सॉरविरोधी दोघेही प्रेक्षकाबद्दलच भांडतात, त्याला वासना होईल की घृणा, तो बिघडेल की सुधारेल. जिच्यावर ते घडलं ती आणि जिच्या अंगावर ते पुन्हा घडवून चित्रित केलं ती, या दोघी त्या भांडणाबाहेरच राहतात.

म्हणून आमचा आग्रह असा की चित्रपटाचा सेट हे कामाचं ठिकाण आहे, इथून बोलायला सुरुवात करावी. केरळमध्ये २०१७ साली एका अभिनेत्रीवर चालत्या गाडीत अत्याचार झाला. तिथल्या चित्रपटक्षेत्रातल्या स्त्रियांनी 'विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह' उभारली आणि त्यांच्या रेट्यामुळे न्यायमूर्ती हेमा समिती नेमली गेली. समितीचा अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सादर झाला. तो लोकांसमोर यायला, तोही काटछाट करून, ऑगस्ट २०२४ उजाडलं. स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, लेखी करार नाही, आधी न सांगितलेले प्रसंग ऐन वेळी करायचा दबाव, रात्री दारावर थापा. हे सगळं त्यात आहे. मार्च २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने चित्रीकरण करणाऱ्या संस्थांनाही २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमणं बंधनकारक असल्याचा निकाल दिला. हा कायदा देशभराचा आहे. मुंबईत, कोल्हापुरात, गोव्यात चित्रीकरणं रोज चालतात. तिथे कुणी जाऊन विचारलंय का, समिती कुठाय, तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावली आहेत का? पडद्यावर कितीही रक्त असू दे. ते नकली आहे ना, तिला आधी सांगितलं होतं ना, ती थांबा म्हणाली तेव्हा कॅमेरा थांबला ना, आणि ठरलेले पैसे तिला मिळाले ना, हे विचारायला सेन्सॉर बोर्ड लागत नाही.

एक गोष्ट मात्र या मांडणीत सहज बसत नाही, आणि ती लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईने सांगितलं की नवरा तिला रात्री शेजारी बसवून मोबाइलवर असे चित्रपट लावतो. ती डोळे मिटू लागली की हनुवटी धरून तोंड वळवतो आणि म्हणतो, "बघ नीट. जास्त बोललीस तर असंच करीन." तो तिला मारत नव्हता. अंगावर व्रण नव्हता. आधी ती दोन ठिकाणी जाऊन आली होती आणि दोन्हीकडे "अजून हात उचललेला नाही ना?" असं ऐकून परतली होती.

अशी बाई तुमच्याकडे आली तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आठवा. त्याखालच्या नियमांत कौटुंबिक घटना अहवालाचा जो नमुना आहे, त्यात बाईला जबरदस्तीने अश्लील साहित्य पाहायला लावणं हे लैंगिक हिंसेखाली वेगळं नोंदवलेलं आहे. रक्तपाताचा चित्रपट त्या शब्दांत कदाचित बसणार नाही, पण कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ आहे, शारीरिक इजेची धमकी आहे. चित्रपटाचं नाव, कोणता प्रसंग दाखवला, दाखवताना तो काय म्हणाला, मुलं खोलीत होती का, असं सगळं तिच्या शब्दांत अहवालात लिहा आणि संरक्षण अधिकाऱ्यांना ते लिहून घ्यायला भाग पाडा. 'मानसिक त्रास देतो' एवढ्यावर थांबू नका. आम्ही या बाईच्या बाबतीत तसं लिहिलं, आणि संरक्षण आदेश मिळाला. त्या चित्रपटावर बंदी असती तर तिचा नवरा दुसरं काहीतरी शोधता, याबद्दल तिलाही शंका नव्हती.

आणि ज्या अफवेवर १९७६ मध्ये शॅकल्टनने पैसे कमावले, ती आता अफवा राहिलेली नाही. २०१५ मध्ये हैदराबादच्या प्रज्वला संस्थेच्या सुनीता कृष्णन यांच्यापर्यंत व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या खऱ्या बलात्कारांच्या चित्रफिती पोहोचल्या. त्यांनी त्या सर्वोच्च न्यायालयासमोर नेल्या आणि न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २०२३ मध्ये मणिपूरमधल्या दोन स्त्रियांची धिंड मे महिन्यात निघाली आणि देशाने ती पाहिली जुलैमध्ये, चित्रफीत फिरू लागल्यावर. ती पुढे ढकलणाऱ्यांत निषेध करणारेही होते. आपल्या काही गटांवरही ती आली होती. आपल्यातल्या कितीजणींनी ती न उघडता काढून टाकली आणि किती जणींनी 'बघा काय चाललंय' म्हणून पुढे पाठवली? देओदातोच्या मुलीखाली सायकलची सीट होती. इथे काही नव्हतं.

निवेदनाला आम्ही कळवलेलं उत्तर असं: बंदीच्या मागणीला आमचा पाठिंबा नाही, मुंबई आणि गोव्यातल्या चित्रीकरणस्थळांवर अंतर्गत समित्या आहेत का याची पाहणी करायला आमच्या दोघीजणी येतील, आणि खऱ्या अत्याचारांच्या चित्रफिती काढून टाकण्यासाठी काही करत असाल तर त्यात आमची सही गृहीत धरा.

संपादक गटातल्या दोघी मैत्रिणींना हे उत्तर मान्य नाही. पडद्यावर वारंवार कापली जाणारी बाई बघून पुरुषाची नजर घडते, आणि ती घडणं थांबवायचं तर कुठेतरी 'नको' म्हणावंच लागेल, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांचं पत्र याच अंकात, एकही शब्द न कापता, छापलं आहे.